सँडविच लावणाऱ्यांची जागा : ‘एक डब्लिनकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आयर्लंडमधल्या पूर्व कॉर्कमधल्या आमच्या गावच्या जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) क्लबवर, म्हणजे हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या गावकीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. त्या क्लबात माझी जागा सँडविच लावण्यापुरतीच, असं तुमचं म्हणणं. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द घसरले असते, म्हणून थांबले.

आधी सुराबद्दल बोलते. ‘ताई, जरा डोळे उघडा’ ही तुमची सुरुवात. ताई म्हणण्याइतकी आपली ओळख नाही आणि व्हायची चिन्हंही नाहीत, कारण तुम्ही नावच लावलेलं नाही. मी नावानिशी लिहिते. चुकलं तर मला धरता येतं. मतभेद जरूर मांडा, पण ‘भाबड्या’, ‘हुरळून गेलेल्या’, ‘गोऱ्यांच्या चहाला भुललेल्या’ ही विशेषणं माझ्या मुद्द्याला नाहीत, मला लावलेली आहेत. समोरासमोर बसला असता तर हे बोलला असता का?

तुमचा एक मुद्दा रास्त आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करते. बायकांच्या संघटना आजही वेगळ्या आहेत. कमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची १९०४ सालची, महिला फुटबॉलची १९७४ सालची, आणि या दोन व जीएए अशा तिन्ही संघटना एका छताखाली आणायचं ठरलंय ते २०२७ सालासाठी. कमोगी खेळणाऱ्या मुलींना स्कॉर्टऐवजी (स्कर्टसारखी दिसणारी चड्डी) शॉर्ट्स घालायची मुभा मिळायला मे २०२५ उजाडावं लागलं, तेही मुलींनी उघड निषेध केल्यावर. यावर टीका व्हायलाच हवी. माझी मुलगी खेळते, मला ते ठाऊक आहे.

आता त्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही तिथे पाहुण्या आहात आणि पाहुण्याच राहणार, त्यांच्या खेळात तुमची जागा सँडविच लावण्यापुरती.’

या वाक्यातला ‘पुरती’ मला लागला. ज्याने क्लब कुंपणाबाहेरून पाहिलाय त्यालाच हे लिहिता येईल. जीएएमध्ये खेळाडूला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ८२,३०० लोकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल खेळणारा मुलगा त्यानंतर पुन्हा शाळेत शिकवतो, नाहीतर गायी पिळतो. किलकेनी काउंटीला प्रशिक्षक म्हणून ११ वेळा ऑल-आयर्लंड जिंकून देणारे ब्रायन कोडी प्राथमिक शाळेतले मास्तर होते. वर हे असं, तर खाली गावात काय असेल? रेषा आखणारा बिनपगारी, गवत कापणारा बिनपगारी. पांढरा कोट घालून गोलच्या खांबापाशी झेंडे घेऊन उभे राहणारे बिनपगारी. हर्लिंगमध्ये चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एका पॉइंटचा पांढरा झेंडा, खालून जाळीत गेला तर तीन पॉइंटांचा हिरवा, आणि चुकलं तर दोन्ही गावांच्या शिव्या. ज्या संघटनेत जवळजवळ सगळेच फुकट राबतात तिथे सँडविच लावणं ही खालची पायरी कशी होईल? आमच्याकडे अंतिम सामन्यानंतर कपबशा विसळायला क्लबचे अध्यक्ष स्वतः उभे असतात. मी पुसायला असते.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढायला कोण उभं राहतं? घरचे. पाहुणे पाटावर बसलेले असतात. एवढं तरी तुम्हाला मराठी म्हणून कळायला हवं होतं.

मी सांगलीची. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या खो-खोपुरता. मुलगा पाच वर्षांचा असताना शेजारीण म्हणाली, शनिवारी सकाळी घेऊन ये. हेल्मेट नव्हतं, क्लबच्या पेटीतलं मिळालं. हर्ली, म्हणजे खेळायची काठी नव्हती, तीही मिळाली. दुसऱ्या कुणाच्या मुलाची, लहान झालेली, ॲश लाकडाची. टोकाला चिरली होती. तिथल्या एका आजोबांनी पत्र्याची पट्टी त्या चिरेवर ताणून बसवली, बारीक खिळे ठोकले, खिळ्यांची टोकं बोटाने चाचपून पाहिली आणि मुठीला नवी ग्रिप गुंडाळली. मुलाला ती हातात धरायला लावून कमरेपाशी उंची बघितली, मग दिली. आम्ही कोण, कुठले, किती वर्षं राहणार, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. याला मी भुलले असेन तर हो, भुलले.

‘खेळायला मिळतं फक्त जुन्या घराण्यांच्या पोरांना’ असंही तुम्ही ओघात फेकलंय. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘गो गेम्स’ नावाची पद्धत आहे. त्यात प्रत्येक मुलाला खेळवावंच लागतं, जिंकण्याहरण्याला महत्त्व नाही. आणि क्लब ठरतो तो साधारणपणे तुम्ही कुठे राहता यावर. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत राहणारं मूल आमच्या क्लबचं, मग आजोबा कॉर्कचे असोत की कवठेमहांकाळचे. मी स्वतः बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं, गार्डा पोलिसांची पडताळणी करून घेतली, पायाभूत कोचिंगचा कोर्स केला आणि आता सगळ्यात लहान गटाला शिकवायला उभी राहते. ही वाट कोणत्याही पालकाला खुली आहे. तुम्ही कधी विचारलंत का आपल्या क्लबमध्ये? प्रतिक्रियेत तरी तसं दिसलं नाही.

मार्च २०२० मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना घरात राहायला सांगितलं आणि बाकीच्यांना दोन किलोमीटरची हद्द आखून दिली, तेव्हा देशभरातल्या क्लबांनी वाणसामान आणि औषधं पोचवायचं काम उचललं. आमच्या यादीत माझं नाव होतं. पहिल्यांदा फार्मसीत गेले तेव्हा हातात चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझ्याशी काडीचा संबंध नसलेल्या म्हाताऱ्या बाईंचं नाव. मी क्लबचं नाव सांगितलं. फार्मासिस्टने रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात ठेवली, दुसरी गोळी जेवणानंतरची आहे एवढं त्यांना सांगा म्हणाला. पाहुण्यांच्या हाती कुणी दुसऱ्याची औषधं देत नाही, महाशय.

इतिहास वाचायचा सल्लाही तुम्ही दिलात. वाचलाय. जीएएच्या सदस्यांवर असलेली परक्या, म्हणजे ब्रिटिश खेळांची बंदी १९७१ साली उठली. ब्रिटिश लष्करातल्या आणि उत्तर आयर्लंडच्या पोलिसांतल्या लोकांना सदस्यत्व नाकारणारा नियम २००१ साली गेला. क्रोक पार्कची दारं इतर खेळांना उघडण्याचा निर्णय २००५ सालचा. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ज्या मैदानात ब्रिटिश दलांच्या गोळीबाराने १४ जणांचा बळी घेतला, ज्याच्या एका स्टँडला त्या दिवशी पडलेल्या मायकल होगन या टिपररीच्या खेळाडूचं नाव आहे, त्याच मैदानात फेब्रुवारी २००७ मध्ये इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं आणि प्रेक्षकांनी त्याचा मान राखला. बंदिस्त संघटना असं वागत नाहीत. २००५ साली कॉर्कचा कर्णधार म्हणून करंडक उचलणारा शॉन ओग ओ हालपीन फिजीत जन्मलेला, आईकडून रोटुमा बेटाचा, आणि त्याने भाषण केलं आयरिशमध्ये. २०१९ साली लीट्रिमकडून हर्लिंगचा लोरी मार करंडक जिंकणारा झॅक मोरादी इराकमध्ये जन्मलेला कुर्द. जुलै २०२० मध्ये बकरी ईदची नमाज क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली. ही नावं आणि तारखा कुणालाही तपासता येतील.

२०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांचा दाखला तुम्ही दिलात. ते हल्ले खरे, भीतीही खरी. त्या दिवसांत मीही अंधार पडल्यावर बाहेर पडत नव्हते. पण रस्त्यावर माणसाला मारणाऱ्या टोळक्याचा हिशेब तुम्ही माझ्या गावातल्या आजोबांच्या खात्यावर मांडता, हे मला मुळीच मान्य नाही. तो विषय वेगळा आहे आणि त्याला वेगळा लेख लागेल. प्रशिक्षकांना टेबलाखालून पैसे मिळतात हा मुद्दा तुम्हीच ‘ऐकलंय’ म्हणून लिहिलाय, ऐकीव गोष्टींना मी उत्तर देत नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचं नाव माझ्या लेखात कुठेही नव्हतं. त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे म्हणून मी आयर्लंडवर खूश आहे हा शोध तुमचा, तुमच्यापाशीच ठेवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर द्यायचं असेल तर नाव लावून द्या आणि तुमच्या भागातला क्लब कोणता, तिथे कधी गेलात, कुणाशी बोललात ते लिहा. अनुभव वाईट असेल तर तोही लिहा, मी जसाच्या तसा वर लावीन. आणि ‘ताई’ नको.