पाला टाकून पावडर विकत घेणारे आपण

कोल्हापुरात सध्या शेवग्याचे दोन वेगळे बाजार भरतात. कपिलतीर्थ मार्केटमध्ये आणि लक्ष्मीपुरीत शेंगांच्या जुड्या मिळतात, त्या आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. दुसरीकडे औषधांच्या दुकानांत, मॉलमध्ये आणि मोबाईलवर ‘मोरिंगा’ असे लेबल लावलेली हिरवी पावडर, कॅप्सूल आणि चहाच्या पुड्या विकल्या जातात, आणि त्या घेणारेही आपणच असतो. ही पावडर म्हणजे शेवग्याचा वाळवून दळलेला पाला. झाड छाटल्यावर हाच पाला आपल्याकडे शेळ्यांपुढे टाकला जातो, नाहीतर उकिरड्यावर जातो. शेळ्यांचे त्यात भले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्याच बांधावर उगवणारी पालेभाजी सोडून तिचा भुगा डबीतून विकत घेण्याची ही नवी रीत मला खटकते, आणि शेवग्याची जागा औषधाच्या कपाटात नसून भाकरीबरोबरच्या ताटात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेंगांच्या बाबतीत कोल्हापूरकरांना काही शिकवण्याची गरज नाही. तूरडाळीच्या आमटीत, पिठल्यात, शेंगदाण्याचा कूट आणि कांदा-लसूण चटणी घालून केलेल्या रश्श्यात शेंग आपल्याकडे हक्काने पडते. फुलांची भाजी करणारी घरे मात्र आता थोडी उरली आहेत. कांद्यावर परतून, वरून बेसन पेरून केलेली ही भाजी ज्यांनी खाल्ली असेल, ते फुले झडून वाया जाताना पाहून हळहळतात. पाल्याच्या बाबतीत तर आपण घाटाखालच्या माणसांपेक्षा बरेच मागे आहोत. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी हा बेत घरोघरी ठरलेला असतो. सण आणि भाजी यांची अशी गाठ घातली की ती भाजी विसरली जात नाही. आपल्याकडे पाला राहिला तो बहुतेक बाळंतिणीपुरता. दूध चांगले यावे म्हणून तिला ही भाजी देण्याची पद्धत होती, तीही आता मागे पडली आहे.

खरे तर झाडाचा सर्वांत पौष्टिक भाग पाला हाच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम, 6 ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि 100 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते. शेंगेत कॅल्शियम याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढेच भरते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एकट्या शेवग्याने तो भरून येणार नाही, पण ज्या राज्यात अशी स्थिती आहे, तिथे लोह असलेली फुकटची पालेभाजी उकिरड्यावर जावी, हे पटत नाही. भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते.

पावडरीच्या जाहिरातींत मात्र आकड्यांचा खेळ चालतो. दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम आणि संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व, असे जेव्हा छापले जाते, तेव्हा पाणी काढून टाकलेल्या पाल्याची तुलना पाण्याने भरलेल्या दुधाशी केलेली असते. शिवाय दूध आपण पेलाभर पितो आणि पावडर चमचाभर घेतो. क जीवनसत्त्वाचा मोठा भाग तर पाला वाळवतानाच नाहीसा होतो. ‘तीनशे रोगांवर एकच उपाय’ हे वाक्य ज्या डबीवर असेल, ती डबी मी तरी परत ठेवतो.

याचा अर्थ शेवग्याला औषधी परंपरा नाही, असा नव्हे. चरकसंहितेत शिग्रू, म्हणजे शेवगा, हा कृमिघ्न (जंतांचा नाश करणाऱ्या) आणि स्वेदनाला, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराला, साहाय्य करणाऱ्या द्रव्यांत येतो. सुश्रुताच्या वरुणादि नावाच्या औषधी वनस्पतींच्या गटातही तो आहे. उष्ण, तीक्ष्ण आणि कफवात कमी करणारा अशी त्याची ख्याती आहे, म्हणूनच पित्ताच्या माणसाने तो बेताने खावा, असे वैद्य सांगतात. मुका मार लागून सूज आली की पाला वाटून, कोमट करून बांधणे हा खेड्यांत सर्रास केला जाणारा उपाय होता. साल आणि मूळ यांचे प्रकरण मात्र वेगळे आहे. ते उग्र असतात आणि गर्भवतीने तर त्यांच्या वाटेला जाऊच नये. ज्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी पाल्याचा अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण साखर आणि दाब दोन्ही गरजेपेक्षा खाली जाण्याची शक्यता असते. आठवड्यातून एकदोनदा ताटात आलेल्या भाजीला ही भीती सहसा लागू होत नाही, आणि माझा कल भाजीकडे आहे तो यामुळेही.

बियांचा एक उपयोग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. गढूळ पाणी निवळण्यासाठी आपण तुरटी आणि निवळीच्या बिया वापरत आलो. सुदानमधील स्त्रिया नाईलच्या गढूळ पाण्यासाठी हेच काम शेवग्याच्या बियांकडून करून घेत. पिकलेल्या बीचा गर कुटून पाण्यात ढवळला की त्यातील धनभारित प्रथिने मातीच्या ऋणभारित कणांना चिकटतात आणि गाळ तळाशी बसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत चहूकडे पाणी असताना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मात्र या रीतीने निवळलेले पाणी उकळूनच प्यावे आणि साठवून ठेवू नये, कारण सगळे जंतू बियांनी मरत नाहीत.

एवढे गुणी झाड आपल्या परसातून गेले कसे? एक कारण उसाचे आहे. सरी बांधाला जाऊन भिडली तेव्हा बांधावरच्या इतर झाडांबरोबर शेवगाही गेला. दुसरे कारण झाडाच्या स्वभावात आहे. लाकूड इतके ठिसूळ की वळवाच्या वाऱ्यात फांदी कौलांवर पडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, ज्यांचा स्पर्श झाला की अंगाला आग सुटते. ‘दारात शेवगा नको’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे मला म्हणूनच हसू येत नाही. हसू येते ते दारातल्या शेवग्यामुळे घर आळशी झाले आणि पाहुण्याने झाड तोडताच त्या घराचे नशीब उघडले, या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचे. शेंगा विकून आणि खाऊन एक कुटुंब तगले, हा त्या झाडाचा गुन्हा कसा ठरतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

ठिसूळपणावर उपाय छाटणीचा आहे. शेंगांचा बहर संपला की खोड तीन-चार फुटांवर छाटावे, म्हणजे झाड बुटके राहते, फांद्या घरावर येत नाहीत, शेंगा हाताला लागतात आणि कोवळा पाला पुन्हा भरपूर फुटतो. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड फांदी तोडून, वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावून लावली, तरी ती धरते. बियांपासून लावायचे असेल तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम केंद्राचा पीकेएम-1 किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा हे वाण आहेत. पीकेएम-1 तर सहा-आठ महिन्यांत शेंगांवर येतो. ज्यांच्याकडे परस नाही, त्यांनी गच्चीवर मोठ्या पिंपात लावून केवळ पाल्यासाठी तो खुडत राहावा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात मात्र तो सपाटीवर न लावता बांधावर किंवा उंचवट्यावर लावावा, कारण पाण्याची ओढ तो सोसतो, पण मुळाशी पाणी साचून राहिले की कुजतो.