तेरावे वर्ष आणि स्मार्टफोन: एका दाव्याचा प्रतिवाद

‘कायद्यानेच तेरा वर्षांची मर्यादा ठरवली आहे, म्हणजे त्या वयात मूल स्मार्टफोनसाठी तयार असते, त्यानंतरही फोन न देणे म्हणजे त्याला मागे पाडणे आणि असुरक्षित ठेवणे होय,’ अशा आशयाचा मजकूर पालकांमध्ये सतत फिरत असतो.

तेराचा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या बालगोपनीयता कायद्यातून आला. तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती संकेतस्थळांनी पालकांच्या पडताळलेल्या संमतीविना गोळा करू नये, असे तो सांगतो. मुलाच्या समजुतीविषयी, झोपेविषयी किंवा स्वतःला आवरण्याच्या क्षमतेविषयी त्यात अवाक्षर नाही. संमती मिळवण्याची कटकट टाळण्यासाठी बहुतेक समाजमाध्यमांनी त्याखालील मुलांना खातेच नाकारले, आणि कंपन्यांच्या सोयीचा हा आकडा परिपक्वतेचा दाखला होऊन बसला. शिवाय तो सर्वत्र सारखाही नाही. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांत मूळ मर्यादा १६ ची असून सदस्य देश ती १३ पर्यंत खाली आणू शकतात, भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूलच गणली जाते, तर ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे.

मागे पडण्याचे भय तर निव्वळ पोकळ आहे. स्मार्टफोन मुद्दाम शिकावाच लागू नये, अशा बेताने घडवलेला असतो. वेळ लागतो तो समोरचा मजकूर खरा की खोटा हे पारखायला, आणि ती सवय घरातल्या संगणकावर मोठ्यांच्या शेजारी बसूनही लागते.

सुरक्षिततेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे; पण संपर्कासाठी बटणांचा साधा फोन पुरतो.

मग तयारी ओळखायची कशी? आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो; तोवर थांबा, असे कोणीच म्हणणार नाही. पाहायचे ते वर्तन. मोठ्यांचा फोन ठरलेल्या वेळी मूल तंटा न करता परत देते का, अनोळखी व्यक्तीने छायाचित्र मागितले तर नकार देऊ शकते का, आणि काही लाजिरवाणे घडले तर ते आपणहून सांगते का? यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत वजनदार वाटतो. फोन काढून घेतला जाईल या धास्तीने मूल गप्प राहणार असेल, तर त्याचे वय कितीही असो, अपुरी तयारी बहुधा पालकांचीच असते.