हस्तिदंती शिंग आणि ‘नुसती नक्कल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या हस्तिदंती शिकारी शिंगाला (हत्तीच्या सुळ्यातून कोरलेलं, शिकारीत फुंकायचं शिंग) मी आफ्रिकी कलाकृती म्हटलं ते भावनेच्या भरात. मागणी पोर्तुगीज दरबाराची, घाट युरोपी, चित्रंही युरोपी. मग सिएरा लिओनच्या सापी कारागिरांनी केली ती नुसती नक्कल.

मागणीबद्दल वादच नाही. शिंगावर पोर्तुगालच्या आविश घराण्याची चिन्हं आहेत, सोबत स्पेनचे राजा-राणी फर्डिनांड-इसाबेला यांचीही. पोर्तुगालच्या मानुएल राजाने 1497 मध्ये त्यांच्या मुलीशी लग्न केलं. ती पुढच्याच वर्षी वारली, तेव्हा 1500 मध्ये तिच्या धाकट्या बहिणीशी. त्यामुळे ही सोयरिकीतली भेट असावी, असा तर्क केला जातो. अशा शिंगांवरची शिकारीची दृश्यं पॅरिसला फिलिप पिगूशेने 1498 च्या सुमारास छापलेल्या प्रार्थनापोथ्यांच्या कडांवरून घेतलेली, हेही मान्य. तुम्ही दिलेला व्हॅलेंटिम फर्नांडिशचा, म्हणजे त्या काळच्या लिस्बनमधल्या मुद्रकाचा, दाखलाही खरा आहे: काहीही रेखाटून द्या, ही माणसं हस्तिदंतात कोरून देतात. पण तो हे कौतुकाने लिहितो. त्यातून कमीपणा तुम्ही काढलात.

आता वस्तूकडे बघू या. हत्तीचा सुळा मुळाशी पोकळ आणि टोकाला भरीव असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत शिंग आडवं धरून फुंकतात. पोकळी निमुळती होत जाते तिथे बाजूने भोक पाडलं की भागतं, टोक भरीवच राहतं. पोर्तुगीजांना मात्र टोकातून फुंकायचं होतं. म्हणजे तो भरीव भाग, तोही वाकडा, आरपार पोखरून आतल्या पोकळीला नेमका भिडवायचा. हत्यार जरा तिरकं गेलं की ते बाजूने बाहेर, आणि सुळा गेला! रेखाटन देणाऱ्याला ही अडचण सुचलीही नसेल. ती सोडवली हातात हत्यार असलेल्या माणसाने.

चित्रांचंही तेच. पोथीच्या कडेवरची शिकार सपाट कागदावरच्या अरुंद पट्टीत मावलेली असते. ती वळत आणि बारीक होत जाणाऱ्या गोलाईवर उतरवायची म्हणजे कुठला कुत्रा ठेवायचा, कुठला भालेवाला गाळायचा, हे ठरवणं आलंच. शिवाय फुंकायचं टोक बघा: ते एका प्राण्याच्या उघड्या जबड्यातून बाहेर येतं. सापी शिंगांवर ही ठेवण पुन्हा पुन्हा दिसते. दरबाराने ती मागून घेतली असेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि गिऱ्हाइकाला फक्त आपल्याच चित्रांच्या प्रती हव्या होत्या, असं म्हणाल तर फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याचं काय करायचं? त्यांच्या संग्रहात काँगोची हस्तिदंती शिंगं होती. अंगभर गुंफलेली भौमितिक नक्षी, कुठे राजचिन्ह नाही की हरीण नाही, आणि फुंकायचं भोक बाजूला. प्रबोधनकाळातल्या त्या श्रीमंतांना तीही आपल्या खजिन्यात हवीशी वाटली.

‘मराठी वाचकांना याचं काय?’ असंही विचारलंत. 1510 मध्ये गोवा घेतला गेला तो याच मानुएलच्या कारकिर्दीत. पुढे गोव्याच्या कारागिरांनी आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंतात मेंढपाळ बाळ येशूच्या मूर्ती कोरल्या: खाली चढत्या पायऱ्यांचा डोंगर, त्यावर मेंढ्या, आणि माथ्यावर बसलेलं बाळ. त्यांनाही आपण नकलाकार म्हणत नाही. निदान म्हणू नये.

राहिला शेवटचा प्रश्न: संग्रहालयवाले एकदा वाजवून का दाखवत नाहीत? हस्तिदंत दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो. पाचशे वर्षं जुन्या शिंगात उबदार, ओलसर श्वास फुंकला तर आतली बाजू फुगेल, बाहेरची तशीच राहील, आणि तडा जायची भीती. म्हणून ते काचेआड ठेवतात.