वादळात खिडक्या उघडू नका

परवा वारा सुटला तेव्हा मावशीला फोन केला. ती मुंबईत एकतिसाव्या मजल्यावर एकटी राहते. मागून धाडधाड दारं आपटत होती. विचारलं तर म्हणाली, "अगं, सगळ्या खिडक्या मुद्दाम उघडल्यात. ग्रुपवर तसंच आलंय."

तो मेसेज मलाही चार ठिकाणांहून आलाय. त्याचं म्हणणं असं: इमारत हलते म्हणजे ती कच्ची. वादळात खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो आणि इमारतीवरचा भार कमी होतो. आपले इंजिनिअर फक्त भूकंपाचा हिशेब करतात. आणि परदेशातल्या उंच इमारतींत झोका कमी करायला टांगलेला असतो तसा जड गोळा आपल्याकडे नाही, म्हणून आपल्या इमारती धोक्यात.

मी स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करते, आणि खिडक्यांचा सल्ला वाचून मला खरंच संताप आला. वारा आरपार जाईल कसा? मध्ये भिंती आहेत, बंद खोल्या आहेत. वाऱ्याकडची खिडकी उघडली की हवा आत कोंडते आणि घरातला दाब वाढतो. बाजूच्या आणि मागच्या काचांना वारा बाहेरून आधीच ओढत असतो, त्यात आता आतूनही रेटा बसतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात हे आकड्यांत दिलंय: भिंतीत ५ टक्क्यांहून कमी उघडी जागा असेल तर आतल्या दाबाचा गुणांक, म्हणजे तो वाऱ्याच्या दाबाच्या किती पट, ०.२ धरायचा, २० टक्क्यांहून जास्त असेल तर ०.७. मुंबईसाठी त्याच मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा दाब येतो. गुणांकातला फरक ०.५, म्हणजे ५९ किलो. बेडरूमची काच तीन चौरस मीटरची असेल तर तिच्यावर पावणेदोनशे किलो जादा, तेही फक्त खिडकी उघडल्यामुळे. त्या काचेला लागूनच मावशीचा पलंग आहे!

हलण्याचं म्हणाल तर उंच इमारत हलणारच. आयएस १६७०० या उंच इमारतींच्या मानकात वाऱ्याने हलण्याला मर्यादा आहे उंचीच्या पाचशेव्या भागाची. १२० मीटरच्या इमारतीला २४ सेंटिमीटर, एक वीतभर. एवढं मान्य करते की हलणं जाणवतं आणि काहींना मळमळतं. तो भास नाही. म्हणूनच राहत्या इमारतींसाठी त्वरणाचीही मर्यादा घातलेली आहे.

फक्त भूकंपाचा हिशेब करतात, हे धादांत खोटं. मुंबईतल्या बऱ्याच उंच इमारतींत कॉलम आणि शिअर वॉलची (आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंतींची) मापं वाराच ठरवतो.

राहिला गोळा. तैवानमधल्या तैपेई १०१ या इमारतीत ६६० टनांचा लोलक आहे, पण तो झोका कमी करून माणसांना बरं वाटावं म्हणून. इमारत त्याच्या आधारावर उभी नाही. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफात असा गोळाच नाही. तिथे विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, मॉडेल तपासून आकारच असा बदलत नेला की वाऱ्याचे भोवरे सगळ्या उंचीवर एका तालात सुटत नाहीत.

मावशीला फोनवरच सांगितलं: आधी वाऱ्याकडच्या खिडक्या लाव, कड्या घाल, बाल्कनीतल्या कुंड्या आत घे आणि आज रात्री हॉलमध्ये आतल्या भिंतीशी झोप.