मधाचं पाणी पाजून शुद्ध तपासू नका

"कोमातला पेशंट शुद्धीवर आहे का, घरच्या घरी ओळखा" हा मेसेज आठवडाभर सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय आणि बुधवारी तो आमच्या वहिनीपर्यंत पोचला. माझा मावसभाऊ इस्लामपूर रोडला गाडीवरनं पडला, हेल्मेट नव्हतं, मिरजेत डोक्याचं ऑपरेशन झालं, त्याला आता सात आठवडे झाले. डोळे उघडे असतात पण हाक मारली तर बघत नाही. बुधवारी मी गेलो तर वहिनीच्या हातात मधाच्या पाण्याचा चमचा!

कारण मेसेजमधे लिहिलंय, जिभेवर मधाचं पाणी घाला, गिळलं तर शुद्ध आहे. अहो, तोंडात काही गेलं की गिळणं आपोआपही होतं, शुद्ध नसली तरी होतं, त्यावरनं काहीच कळत नाही. आणि नीट गिळलं नाही तर ते पाणी सरळ श्वासनलिकेतनं फुप्फुसात जातं, कित्येकदा ठसकासुद्धा लागत नाही, मग न्यूमोनिया. नाकातल्या नळीतनं खाणं देतात ते उगाच देतात का? चमचा काढून घेतला तर वहिनी रडायला लागली. तिचा काय दोष, सात आठवडे नुसतं बघत बसलेलं माणूस काहीतरी करायला मिळालं म्हणून करणारच. ज्यानं हे लिहिलं त्याला मात्र माफी नाही. मिरचीची धुरी द्या असंही पुढं लिहिलंय, तेही तसलंच, करू नका.

त्याच मेसेजमधलं पुढचं, "72 तासांत शुद्ध आली नाही तर ब्रेन डेड." साफ खोटं. ब्रेन डेड माणूस स्वतः श्वास घेत नाही, आणि आपल्याकडं 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणं चार डॉक्टरांचं पॅनेल किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं, तेव्हा ते ठरतं. आमचा भाऊ गळ्याच्या नळीतनं स्वतःचा श्वास घेतोय, झोपतोय, जागा होतोय. अपघाताच्या इजेत तर 12 महिने जाईपर्यंत डोळे उघडे पण भान नाही अशा या अवस्थेला क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळची, असंसुद्धा म्हणू नका असं अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांची 2018 ची गाइडलाइन सांगते.

"डोळे उघडले म्हणजे आला." नाही हो. डोळे उघडणं वेगळं, ओळखणं वेगळं.

"डॉक्टरांनाही कळत नाही." हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करायला जड जातं तरी. 2009 साली बेल्जियममधल्या अभ्यासात डॉक्टरांच्या टीमनं अजिबात भान नाही असं एकमतानं ठरवलेले 44 पेशंट होते, त्यातल्या 18 जणांना थोडं का होईना भान होतं. पण ते सापडलं कशानं? सीआरएस-आर नावाच्या तपासणीनं, शिकलेल्या माणसानं ठरलेल्या क्रमानं केलेल्या. त्यात एक साधा हातातला आरसा लागतो. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तो तोंडासमोर धरून हळूहळू डावीकडं नेला, काही नाही. मग कफ ओढून घेतला, पाठ उंच केली, परत धरला, आणि डोळे आरशातल्या स्वतःच्या तोंडामागनं डावीकडं सरकले. एकदाच. कुठल्याही एका दिशेला दोनदा, मधे नजर न सुटता गेले तरच धरतात, म्हणून ताईंनी मार्क दिला नाही. मला तेव्हा राग आला होता, आता पटतंय. असं भान दिवसात येतं-जातं, झोपेच्या औषधानं दबतं, म्हणून दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तरी तपासायचं असतं. तुमच्या पेशंटचं एकदाच बघून सांगितलं असेल तर परत तपासा म्हणून बिनधास्त मागणी करा.

"एमआरआयमधे सगळं दिसतं" हेही नाही. 2024 च्या मोठ्या अभ्यासात सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या 241 पेशंटपैकी 60 जणांचा मेंदू सूचनेला प्रतिसाद देत होता, पण ते मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या खास फंक्शनल एमआरआयवर आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या ईईजीवर, सूचना देत देत केलेल्या, नेहमीच्या स्कॅनवर नव्हे.

वहिनीनं आता चमच्याऐवजी वही घेतलीय. वेळ, औषध कधी दिलं, डोळे कुठं गेले. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला लिहिलंय: आरसा, डावीकडं, दोनदा.