आठ लाखांचं अमृततुल्य

शेठ चहाचं दुकान विकून राजस्थानला गावी चाललेत, हे टिळक रोडच्या कट्ट्यावर सगळ्यांना आधीच कळलं होतं. जागा भाड्याची, मागणी आठ लाख. बंड्या मोबाईलवर गणित करूनच आला.

"महिन्याला २०,८०० सुटतात. वर्षाचे अडीच लाख झाले. आठ भागिले अडीच, म्हणजे पीई, किंमत नफ्याच्या किती पट ते, फक्त ३.२! काकू, मल्टिबॅगर आहे ही, पैसे कित्येक पट होणार."

हा शब्द बंड्याच्या तोंडी आठवड्यातून चारदा येतो. त्यातली एकही बॅग अजून कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही.

काकू निवृत्त होईस्तोवर बँकेत कर्जखात्याला होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "२०,८०० आले कुठून?"

बंड्यानं वाचून दाखवलं. रोज ४०० कप, दहा रुपयांनी गल्ला ४,०००. दूध २४ लिटर, साठच्या भावानं १,४४०. चहा पावडर, साखर, आलं-वेलची, गॅस मिळून ७६०. उरले १,८००. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४६,८००. त्यातून भाडं १२,००० आणि गड्याचा पगार १४,००० वजा.

"आणि पहाटे पाचला आधण कोण ठेवतं?"

"शेठ."

"त्यांचा पगार कुठे दिसत नाही तो?"

"मालकाला कसला पगार, काकू?"

"मग उद्यापासून तू ठेव पाचला आधण. तुझा सूर्य नऊला उगवतो, सोसायटीला माहितीये. माणूस ठेवलास की गेले १८,०००. राहिले २,८००, वर्षाचे ३३,६००. फ्रिज, शेगडी पाच वर्षांनी बदलायला ३०,००० लागतील, त्याचे वर्षाला ६,००० बाजूला काढ. उरले २७,६००. आता भाग आठ लाखांना."

बंड्यानं भागलं आणि गप्प बसला. मास्तरांनी वाकून स्क्रीन पाहिली. "एकोणतीस! तीन पॉइंट दोनचा एकोणतीस झाला की रे."

"तेच आठ लाख सात टक्क्यांच्या एफडीत टाकलेस तर ५६,०००. झोपून," काकू म्हणाल्या.

शेठ गाळणं पिळत ऐकत होते. हसले नाहीत, पण नाकारलंही नाही.

"बरं, मग द्यायचे किती?" मास्तरांनी विचारलं.

"एफडीएवढंच सुटायला हवं असेल, तर चार लाखांच्या किंचित आत. पण एफडीचं दूध नासत नाही, तिचा गडी दिवाळीला गावी जाऊन बसत नाही. म्हणून मी तीनच्या वर जाणार नाही. मधला लाखभर आपल्या चुकांसाठी. गुंतवणुकीचा गुरू बेंजामिन ग्रॅहम, त्याचं मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात ते हेच."

"एवढं काय चुकणारे?" बंड्या.

"एका कपामागे साडेचार रुपये सुटतात. रोजचे पंचवीस कप कमी झाले तर महिन्याला २,९२५ गेले. भाडं आणि पगार काही कमी होत नाहीत, त्यामुळे तुझे २,८०० तिथेच साफ. आणि समोरचा क्लास जूनमध्ये बाणेरला हलतोय."

क्लासचं नाव निघाल्यावर शेठनी एकदम बशा विसळायला घेतल्या.

खरी मेख इथे आहे. नफा भरात असताना पीई कमीच दिसतो. साखर आणि पोलादाच्या कंपन्या चांगल्या वर्षात म्हणूनच फार स्वस्त वाटतात. पुढच्या वर्षी नफा आटला की तोच भाव महाग ठरतो. बंड्यासारखे लोक भागाकारात खाली नफा गेल्या वर्षीचा घेतात आणि वर गुलाबी चष्मा लावतात.

"जाऊ दे," बंड्यानं विषय फिरवला. "माझ्याकडे आठ रुपयांचा एक शेअर आहे. टायरवाल्या एमआरएफचा लाखाच्या वर गेला, तो कोण घेणार?"

"कलिंगडाची फोड दहाला मिळते, अख्खं साठला," काकू म्हणाल्या. "फोड स्वस्त?"

"अर्थात!"

"सोळा फोडी निघतात. म्हणजे तू साठचं कलिंगड एकशेसाठला घेतोयस. फोडीचा भाव कसला बघतोस, फोडी किती ते मोज. एमआरएफचे शेअर आहेतच ४२ लाखांच्या आसपास. तुझ्या कंपनीचे किती?"

"ते... ॲपवर असेल."

"शोध. पाचशे कोटी निघाले, तर ती कंपनी चार हजार कोटींची. तेवढ्याची आहे का, हा प्रश्न."

"बोनस जाहीर झालाय पण, फुकट जादा शेअर!"

"म्हणजे फोडींच्या आणखी फोडी. कलिंगड तेवढंच."

यावर मास्तर जोरात हसले आणि फसले. "तुम्ही हसू नका," बंड्या उसळला. "२००८च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरनं पहिल्यांदा शेअर विकायला काढले, तो आयपीओ अजून कुणाच्या डीमॅट खात्यात पडून आहे?"

"किरकोळवाल्यांना वीस रुपये सूट होती," मास्तर पुटपुटले.

"मग दुपारी सेल लागला म्हणून अकरा नंबरचा बूट घेतल्यासारखं झालं," काकू म्हणाल्या. "तुमचा पाय आठचा."

तेवढ्यात शेठ वही घेऊन बाहेर आले. "काकू, तुम्ही सगळं धरलंत, येणं राहिलं. बंडूभाऊंकडे ३४० रुपये आहेत, गणपतीपासून."

काकूंनी वही पाहिली, मिटली आणि परत दिली. "हे बुडीत धरून तीन लाखांतून वजा करते, शेठ. दोन लाख नव्व्याण्णव हजार सहाशे साठ."

"अहो, ती आठ रुपयांची फोड विकली की देतो!" बंड्या ओरडला. मास्तरांना ठसका लागला, चहा बंड्याच्या शर्टावर, आणि शेठ तिथल्या तिथे तोही कप वहीत बंड्याच्याच नावावर मांडत होते.