पगार उस्तादाच्या खिशात

लेखात जहाजबांधणीतल्या शिकाऊ पोरांच्या कष्टांचं वर्णन छान आलंय, पण पैशाची बाजू राहून गेली. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या डेप्टफर्ड, वूलिच, चॅटम इथल्या शाही गोद्यांत शिकाऊ मुलाच्या नावावर मजुरी लागायची, ती उचलायचा मात्र त्याचा उस्ताद. साधारण सात वर्षांचा करार. मुलाच्या वाट्याला जेवण, निवारा आणि कसब. म्हणून तर गोदीतल्या अधिकाऱ्यांना आपल्या हाताखाली शिकाऊ पोरं हवी असत. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आणि कसब तरी पूर्ण मिळायचं का? ओकचे ओंडके वाकसाने तासणं, फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे धागे ठासून वर डांबर ओतणं हे सगळ्यांनाच शिकवत. जहाजाचा आराखडा काढण्याची विद्या मात्र उस्ताद जपून ठेवत, बहुधा मुला-पुतण्यांसाठी. जहाजं बांधणाऱ्या पेट घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. १६६२ मध्ये नौदलाचे अधिकारी सॅम्युएल पीप्स यांना लाकूड मोजण्यातल्या खुब्या समजावून सांगितल्या त्या वूलिचच्या गोदीतले जहाजबांधे अँथनी डीन यांनी. कारकुनाला ते ज्ञान मिळालं. रोज लाकूड तासणाऱ्या किती पोरांना मिळालं असेल?